चिंगी, गोट्या, बंड्या: डोळ्यांतलं पाणी आणि ताटातलं खाणं (प्रकल्प नोंदी, दापोली-हर्णै)

६ ऑक्टोबर २०२४

हर्णैला एका होडीमालकांच्या घरी इंग्लिश बुलडॉगची एकाच वेतातली तीन पिल्लं आहेत: चिंगी, गोट्या आणि बंड्या. वय दहा आठवडे. आईचं सिझेरियन पुण्याला झालं होतं. या जातीत डोकं मोठं आणि आईची कंबर अरुंद, त्यामुळे बहुतेकदा सिझेरियनच करावं लागतं. तिन्ही पिल्लांच्या डोळ्यांतून पाणी येतंय. पांढऱ्या गोट्याच्या गालावर तर तांबूस ओघळ पडलेत. घरच्यांनी आतापर्यंत खाणं तीनदा बदललं. आधी कोंबडीचं ड्राय फूड, मग दुधातली नाचणीची पेज, आता भात आणि उकडलेला बांगडा. फरक शून्य.

काकी म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांना काय बाधतंय ते एकदाचं सांगा, ते बंद करते." आजी ओटीवरून म्हणाली, "बाय, दूध बाधतंय. मी सांगून दमले."

दूध बाधत असेल, नसेलही. पण डोळ्यात काही टोचतंय का, हे अजून कोणी बघितलेलंच नाही. म्हणून क्रम ठरवला: आधी डोळा, मग घर, मग ताट. तिन्ही पिल्लांची वेगळी वही. रोज सकाळी आठ वाजता अंगणात, त्याच जागी, फ्लॅश न लावता दोन्ही डोळ्यांचा फोटो, आणि पाण्याला शून्य ते तीन गुण. हे काम धाकट्या दादाने घेतलं आहे. तो कॉलेजला आहे आणि नीट करेल.

७ ऑक्टोबर

तिघांना दापोलीला दवाखान्यात आणलं. सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

ताप कोणालाच नाही. लसीकरण वेळेवर झालेलं. लस न झालेल्या पिल्लाच्या डोळ्या-नाकातून घाण येत असेल तर पहिली शंका डिस्टेंपर या संसर्गजन्य आजाराची घ्यायची. इथे तशी लक्षणं नाहीत: स्राव पातळ आणि पारदर्शक, खोकला नाही, खाणं-खेळणं चोख.

शर्मर पट्टी (खालच्या पापणीत अडकवून एका मिनिटात किती मिलिमीटर भिजते ते बघायचं) तिघांचीही १५च्या पुढे. म्हणजे अश्रू पुरेसे तयार होतात. ही तपासणी मुद्दाम केली. बुलडॉगमध्ये डोळे कोरडे पडण्याचा आजारही होतो, त्यात चिकट पू साठतो आणि घरच्यांना वाटतं, डोळ्याला पाणी येतंय. दहाच्या खाली आकडा आला असता तर उपचार पार वेगळे झाले असते.

मग फ्लुरेसिन, बुबुळावरची जखम हिरवी दाखवणारा रंग. केशरी पट्टी ओली करून डोळ्याला लावली, दिवा मालवला, निळा उजेड टाकला. चिंगी आणि बंड्या स्वच्छ. गोट्याच्या उजव्या डोळ्यात बुबुळाच्या खालच्या कडेला हिरवा ठिपका, मोहरीएवढा. जखम. भिंगातून कारण लगेच दिसलं: खालची पापणी आत वळलेली आणि तिच्यावरची लव प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासतेय. भुलीचा थेंब टाकल्यावर पापणी थोडी बाहेर आली, पण पूर्ण सरळ झाली नाही. म्हणजे वळण केवळ दुखण्यामुळे आलेलं नाही, ठेवणीतलं आहे.

हा डोळा ताट बदलून कधीच बरा झाला नसता.

घरातून आणलेल्या पिशवीत एक ड्रॉपची बाटली निघाली. शेजारच्या कोणी "डोळे आलेत" म्हणून दिलेली. लेबल वाचलं तर प्रतिजैविकासोबत डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. बुबुळावर जखम असताना स्टेरॉइडचा थेंब टाकला तर जखम भरत नाही, उलट खोल जाते, डोळा फुटण्यापर्यंत वेळ येते. नशिबाने सील फोडलेलं नव्हतं. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे: फ्लुरेसिन केल्याशिवाय कुत्र्याच्या डोळ्यात स्टेरॉइड असलेला थेंब टाकू नका. घरात कुणाला लागू पडला असेल, तरी नाही.

गोट्याला प्रतिजैविक ड्रॉप, वेदनाशामक आणि डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात कोन.

९ ऑक्टोबर

गोट्याच्या उजव्या खालच्या पापणीला तात्पुरते टाके घातले. पापणी बाहेर ओढून धरतात, बुबुळाला आराम मिळतो. कायमची शस्त्रक्रिया या वयात करत नाही. चेहरा अजून वाढायचा आहे, घड्या बदलतील, आणि आज जास्तीची कातडी कापली तर मोठेपणी पापणी उलट बाहेर लोंबू शकते. चपट्या नाकाच्या पिल्लाला भूल देताना आणि त्याहून जास्त शुद्धीवर येताना श्वासाकडे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. श्वासाची नळी शेवटच्या क्षणापर्यंत काढली नाही. सगळं सुरळीत झालं.

१२ ऑक्टोबर

बंड्या कर्द्याला गेला. काकींच्या भावाचं तिथे किनाऱ्यालगत छोटं निवास-न्याहारीचं घर आहे. दोन महिने पूर्ण होण्याआधी पिल्लू आईपासून तोडायचं नाही, हे काकींनी कटाक्षाने पाळलं. २०१७च्या केंद्रीय नियमांतही दोन महिन्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे.

१५ ऑक्टोबर

गोट्याचा हिरवा ठिपका गेला. पाणी तीनवरून एकवर. त्याचं खाणं या काळात मुद्दाम तेच ठेवलं होतं, बांगडा-भात. दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर श्रेय कुणाला द्यायचं हे कळलं नसतं.

गालावरचे तांबूस ओघळ तसेच आहेत आणि काकींना त्यांचीच जास्त काळजी. समजावून सांगितलं: अश्रूंमध्ये पोर्फिरिन नावाचं द्रव्य असतं, ते केसांवर वाळून हवा-उजेडात तांबडं होतं. डाग हा आजार नव्हे, पाणी गालावर उतरत होतं याची खूण. नवीन केस येतील तसा जाईल. डाग घालवायच्या पुड्या मिळतात, पण त्यातल्या काहींत टायलोसिन हे प्रतिजैविक असतं. अशा परवानगी नसलेल्या उत्पादनांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली कंपन्यांना इशारा दिला होता. गालावरच्या डागासाठी वाढत्या पिल्लाला महिनोन्महिने प्रतिजैविक चारणं मला मान्य नाही.

१९ ऑक्टोबर, कर्दे

बंड्याच्या वहीत एक चमत्कारिक गोष्ट. सकाळी शून्य, संध्याकाळी दोन. रोज. खाण्यातलं काही बाधत असतं तर ते घड्याळ बघून आलं नसतं.

म्हणून संध्याकाळपर्यंत थांबले. पाहुण्यांच्या आंघोळीच्या पाण्यासाठी मागच्या पडवीत चूल पेटते, नारळाच्या सोडणांची. सोडणं पावसाने दमट. धूर जमिनीलगत पसरतो आणि बंड्याची गोणपाटाची गादी बरोब्बर चुलीच्या डाव्या हाताला, कारण तिथे उबदार असतं. त्यात दिवेलागणीला अगरबत्ती आणि कॉइल. माणूस उभा असतो, त्याला हे जाणवतही नाही. पिल्लाचं तोंड जमिनीपासून वीतभर. आणि या जातीत डोळ्यांच्या खोबणी उथळ, डोळे बाहेर आलेले, त्यामुळे धूर-धूळ थेट बुबुळावर.

गादी पुढच्या ओटीवर हलवली. कॉइलऐवजी मच्छरदाणी.

२४ ऑक्टोबर

बंड्या: संध्याकाळचे गुण शून्य किंवा एक.

२६ ऑक्टोबर

आता चिंगी. तिचं प्रकरण खरोखर वेगळं आहे. दोन्ही डोळे सारखेच पाणावलेले, पापण्या ठीक, बुबुळं स्वच्छ, धुराशी संबंध नाही. पण वही नीट वाचली की बाकीचं दिसतं: पुढचे पंजे चाटते, चटईवर तोंड घासते, कानांची आतली बाजू लालबुंद, दिवसातून चार-पाच वेळा मऊ शी. डोळ्यांचं पाणी या सगळ्यातलं एक. माझ्या मनात खाण्याचा संशय पहिल्यांदा इथे जागा झाला. नुसत्या पाणावलेल्या डोळ्यांवरून मी तो घेतला नसता.

तरी आधी साधी कारणं काढून टाकायची. शी तपासली, गोल जंतांची अंडी मिळाली. तिघांनाही पुन्हा जंताचं औषध. त्वचा खरवडून बघितली, किडे नाहीत. पिसवा नाहीत. नाकावरच्या घडीतून काचपट्टीवर ठसा घेतला तर यीस्ट (एक प्रकारची बुरशी) भरपूर. घडीत बोट घातलं की ओलसर, आंबूस वास. आमच्याकडच्या दमट हवेत ही घडी आपोआप सुकत नाही. काकींना करून दाखवलं: ओल्या कापसाने पुसायचं, औषधी वाइप फिरवायचं, आणि मग कोरड्या सुती फडक्याने घडीच्या तळापर्यंत टिपून घ्यायचं. शेवटची पायरी सगळेच गाळतात, आणि खरं काम तिचंच आहे.

पहिल्यांदा आणलेल्या ड्राय फूडचं पोतंही बघितलं. पडवीत, तोंड उघडं, अख्खा पावसाळा काढलेलं. अशा पोत्यात साठवणीतले माइट्स (अगदी बारीक किडे) वाढतात, बुरशी धरते. पिल्लू कोंबडीला प्रतिसाद देतंय की माइट्सना, हेच कळेनासं होतं. पोतं टाकून द्यायला लावलं. यापुढे छोटी पिशवी, मूळ वेष्टनासकट घट्ट झाकणाच्या डब्यात.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. काल रात्रीपासून फटाक्यांचा धूर, तिन्ही वह्यांत गुण वर. आठवडाभराचे आकडे गृहीत धरायचे नाहीत, असं दादाला कळवलं. फराळ कुत्र्यांपासून लांब ठेवायचा. विशेषतः बेदाणे आणि चॉकलेट, दोन्ही कुत्र्यांना विषारी.

१० नोव्हेंबर

जंतांचा दुसरा डोस झाला, घडी कोरडी आहे. चिंगीची शी थोडी बांधली. खाज आणि डोळे तसेच. मग ठरलं: आहार-चाचणी.

रक्त किंवा लाळ पाठवून "कशाची अ‍ॅलर्जी" हे सांगणाऱ्या तपासण्या मिळतात. दादाने विचारलं, तीच का नको? कारण कुत्र्यांच्या अन्न-अ‍ॅलर्जीत त्या भरवशाच्या नाहीत. निरोगी कुत्र्यातही दहा गोष्टी पॉझिटिव्ह येतात. खात्रीचा मार्ग एकच: पूर्वी कधीही न खाल्लेलं प्रथिन, किंवा हायड्रोलाइज्ड, म्हणजे प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेलं अन्न की शरीराला ते ओळखू येत नाही. तेच आणि तेवढंच, निदान आठ आठवडे. मग जुनं खाणं परत देऊन बघायचं. अन्न-अ‍ॅलर्जी असलेल्या नव्वद टक्क्यांहून जास्त कुत्र्यांना आठ आठवड्यांत फरक पडतो. दोन आठवड्यांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देणारे फार, आणि त्यांची मेहनत फुकट जाते.

नवं प्रथिन म्हणून परदेशी पुस्तकं मासे सुचवतात. हर्णैत? इथे पिल्लू दूध सोडतं तेच बांगड्यावर. आई गाभण असताना तारली खात होती. मटणाचा विचार केला, पण घरी शिजवलेलं मटण-भात वाढत्या पिल्लाला आठ आठवडे देणं धोक्याचं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, हाडं ठिसूळ होतात, पाय वाकतात. म्हणून वाढत्या पिल्लांना चालेल असं पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं हायड्रोलाइज्ड अन्न पुण्याहून मागवलं. महाग आहे. काकींना आकडा सांगताना मला जड गेलं. त्या म्हणाल्या, "तीनदा खाणं बदलून जेवढं फेकलं त्यापेक्षा कमीच असेल."

१६ नोव्हेंबर

चाचणी सुरू. जुन्या खाण्यात रोज थोडं नवं मिसळत आठवड्याभरात पूर्ण बदल. आठ आठवडे त्यानंतर मोजायचे.

फ्रिजवर कागद लावला. दूध नाही, बिस्कीट नाही, चपातीचा तुकडा नाही, पेज नाही. चवीच्या चघळायच्या गोळ्याही नाहीत. गोचिडीच्या आणि जंतांच्या गोळ्यांना मांसाची चव असते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. तिच्या मानेवर टाकायचं औषध दिलं. बक्षीस म्हणून त्याच अन्नाचे चार दाणे. गोट्याचंही अन्न तेच, नाहीतर चिंगी त्याच्या ताटलीत तोंड घालणार.

आता खरी अडचण. अंगणात जवळा वाळत असतो, शेजारी बोंबील, वाटेवर बांगड्याची डोकी. संध्याकाळच्या लिलावानंतर हर्णैचा किनारा पिल्लांसाठी मेजवानीच असते. मुसकं बांधायचं तर या नाकावर नेहमीचं बसत नाही, आणि तोंड उघडून धापा टाकू न देणारं मुसकं बुलडॉगला बांधायचंच नाही, हवा गरम असताना तर मुळीच नाही. शेवटी असं ठरलं: बांधूनच फिरवायचं, भल्या पहाटे, माडांच्या बाजूने. अंगणातला जवळा आजीने स्वतःहून गच्चीवर नेला. तिच्या गुडघ्यांकडे बघता हे फार मोठं आहे.

३० नोव्हेंबर

शी दिवसातून दोनदा, बांधलेली. बाकी तेच.

८ डिसेंबर

घरी पाहुणे, कोंबडी-वडे. एका लहान पाहुण्याने प्रेमाने चिंगीला तुकडा भरवला. आजीने लगेच फोन करून सांगितलं, लपवलं नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. दोन दिवसांत कान लाल, पंजे चाटणं सुरू. याला पुरावा म्हणणार नाही. वड्यात पीठ होतं, रश्शात मसाले होते. पण नोंद ठळक केली. रश्शात कांदा-लसूणही असतो आणि तो कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. तुकडा लहान होता, तरी दोन दिवस हिरड्यांचा रंग बघायला सांगितलं. गुलाबी राहिल्या.

चाचणी पुढे नेली, मुदत दोन आठवड्यांनी वाढवली.

२१ डिसेंबर

गोट्याचे टाके कधीच निघालेत आणि पापणी बऱ्यापैकी सरळ राहिली आहे. बंड्याला बघून आले. त्याच्या उजव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात जरा लाली, म्हणून तिसरी पापणी उलटून बघितली. ग्रंथी जागेवर आहे. घरच्यांना सांगून ठेवलं: तिथे कधी चेरीसारखा लाल गोळा दिसला तर मला बोलवायचं, आणि कोणी "कापून टाकू" म्हणालं तर थांबायचं. ती ग्रंथी डोळ्यातल्या अश्रूंचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त तयार करते. कापली तर पुढे डोळा कोरडा पडू शकतो. ती आत बसवून शिवता येते.

१२ जानेवारी २०२५

चिंगीची खाज जवळजवळ गेली. कान फिकट गुलाबी. चटईवर तोंड घासणं बंद. डोळ्यांचे गुण तीनवरून एकवर आले आणि तिथेच थांबले. शून्य होत नाहीत. दादा हिरमुसला, पण मला हेच अपेक्षित होतं. तिचा चेहरा चपटा, अश्रूंची नळी वाकडीतिकडी, घडीवरचे केस डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचतात आणि वातीसारखं पाणी बाहेर ओढतात. एवढं पाणी खाण्याचं नाही, ठेवणीचं आहे, आणि राहील. घडीवरचं व्हॅसलिनचं बोट आणि पुसणं एवढंच त्याला लागतं.

२ फेब्रुवारी

वाढवलेली मुदत संपली. आजपासून उलट चाचणी. हे न करता थांबायचा मोह सगळ्यांना होतो: बरं वाटतंय ना, मग कशाला छेडायचं? पण सुधारणा अन्नाने झाली, जंत गेल्याने, घडी कोरडी राहिल्याने की थंडीची हवा कोरडी म्हणून, हे याशिवाय कळत नाही. आणि कळलं नाही तर चिंगी जन्मभर महागड्या अन्नावर.

पहिली पाळी कोंबडीची. मीठ-मसाला काही नाही, नुसती पाण्यात उकडलेली, हाडाविना, रोजच्या अन्नात थोडी. जास्तीत जास्त दोन आठवडे. लक्षण दिसलं की त्याच दिवशी बंद.

मोहोरावर फवारण्या चालू आहेत. शेजारच्या कलमांवर पंप लागला की पिल्लं घरात, दारं बंद. त्या दिवसाचे गुण धरायचे नाहीत.

५ फेब्रुवारी

तिसऱ्याच दिवशी कान लाल, पंजे चाटून ओले, शी मऊ, डोळे दोनवर. डिसेंबरात दिसलं होतं तेच. कोंबडी बंद.

१६ फेब्रुवारी

सगळं मूळपदावर. कोंबडी बाधते, हे आता मी ठामपणे लिहू शकते. कुत्र्यांमध्ये गोमांस, दूध, कोंबडी, गहू हे वारंवार आढळणारे अपराधी, त्यामुळे नवल नाही. फक्त आमच्याकडे बहुतेक पिल्लांची सुरुवातच कोंबडीच्या ड्राय फूडने होते.

दुसरी पाळी बांगड्याची. अट घातली की बांगडा होडीवरून उतरल्या उतरल्या बर्फात ठेवलेला आणि त्याच दिवशी शिजवलेला हवा. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते उकडून जात नाही. माणसालाही त्याने अंगावर पित्त उठतं, चेहरा लाल होतो आणि लोक म्हणतात मासा बाधला. चाचणीत ती भेसळ नको. होडीमालकांच्या घरी ही अट सहज पाळली गेली.

२ मार्च

पंधरवडा पूर्ण. बांगडा पचला. कान, पंजे, शी, सगळं ठीक, डोळे एकवरच. आजीचा आनंद बघण्यासारखा होता, तिला घरचं खाणं तोडावं लागेल याची खरी धास्ती होती. "आणि दूध?" तिने विचारलं. तिचा संशय तपासायचाच आहे, तोच पुढचा.

आता माशाचं, पिल्लांसाठीचं संतुलित ड्राय फूड शोधते आहे. पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरात "मासा" असतं आणि मागे घटकांत कोंबडीची चरबी किंवा पावडर निघते, म्हणून मागची बाजू शब्द न शब्द वाचायला दादाला शिकवलं.

शिमग्याची होळी १३ मार्चला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तिघंही आतल्या खोलीत, धूर आणि रंग दोन्हींपासून लांब. दुधाची पाळी त्यानंतर, २० मार्चपासून. गोट्याची पापणी त्याला वर्ष होत आलं की पुन्हा तपासायची, आणि शस्त्रक्रिया लागते का ते तेव्हा ठरवायचं.